टन : वजन की जागा? प्रवासी जहाजांचे आकारमान आणि एका शब्दाचा अर्थप्रवास

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला
- 'टन' या शब्दाच्या अर्थात कालौघात कोणते बदल झाले, हे सांगता येईल;
- जहाजाचे विस्थापन, भारवहनक्षमता आणि टनेज या तीन संकल्पनांमधील भेद स्पष्ट करता येईल;
- प्रवासी जहाजाचे ग्रॉस टनेज कसे काढतात, ते समजून घेता येईल;
- तांत्रिक विषयावरील मराठी लेखनात परिमाणांचा उल्लेख अचूकपणे करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अर्थपरिवर्तनाचा विचार करताना आपण बहुधा साहित्यातील किंवा रोजच्या बोलण्यातील शब्द उदाहरणादाखल घेतो. परंतु शास्त्र, व्यापार आणि कायदा या क्षेत्रांतील शब्दांचेही अर्थ बदलतात. तेथे अर्थ बदलला की केवळ शब्दकोशातील नोंद बदलत नाही. कराची रक्कम बदलते, जहाजाचा आकार बदलतो, प्रसंगी माणसांची सुरक्षितताही पणाला लागते. 'टन' हा असाच एक शब्द आहे.

२०२४ च्या जानेवारीत 'आयकॉन ऑफ द सीज' हे प्रवासी जहाज अमेरिकेतील मायामी बंदरातून पहिल्या सफरीवर निघाले. त्याचे ग्रॉस टनेज २,४८,६६३ आहे. हा आकडा वाचणारा सामान्य वाचक त्याचा अर्थ 'सुमारे अडीच लाख टन वजनाचे जहाज' असा लावतो. तसे लिहिलेही जाते. वस्तुतः या आकड्याचा जहाजाच्या वजनाशी थेट संबंध नाही. जहाजाच्या बंदिस्त भागात जागा किती आहे, हे तो अप्रत्यक्षपणे सांगतो. वजन सांगणारा शब्द जागा का सांगू लागला, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे पडेल. खरी घटना मात्र उलट आहे. हा शब्द मुळात जागेचाच होता. वजनाचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

२. पिंपापासून परिमाणापर्यंत

मध्ययुगात फ्रान्समधील बोर्दो परिसरातून इंग्लंडला मोठ्या प्रमाणावर द्राक्षमद्य जात असे. ते ज्या प्रचंड लाकडी पिंपांतून नेले जाई, त्या पिंपाला इंग्रजीत 'टन' म्हणत. इंग्लंडमधील मापानुसार अशा एका पिंपात २५२ मद्य-गॅलन, म्हणजे सुमारे ९५४ लिटर द्रव मावे. जहाज केवढे आहे, या प्रश्नाचे व्यापाऱ्याच्या दृष्टीने सोयीचे उत्तर एकच होते : त्यात अशी किती पिंपे मावतात? राजाला हवा असलेला करही पिंपांच्या हिशेबाने घेतला जाई. त्या करालाच 'टनेज' असे नाव होते.

भरलेल्या पिंपाचे वजन सुमारे २,२४० पौंड होई. पुढे इंग्लंडमध्ये हेच वजनाचे परिमाण म्हणून रूढ झाले. आज आपण त्याला 'लाँग टन' म्हणतो आणि ते सुमारे १,०१६ किलोग्रॅम भरते. अमेरिकेत २,००० पौंडांचा 'शॉर्ट टन' प्रचारात आला, तर दशमान पद्धतीत १,००० किलोग्रॅमचा मेट्रिक टन स्थिरावला. मराठी भाषकाच्या मनात आज जो टन आहे, तो हा शेवटचा.

हा प्रवास भाषाशास्त्राच्या परिभाषेत असा मांडता येईल. प्रथम 'टन' म्हणजे भांडे. मग त्या भांड्यात मावणारा ऐवज. मग त्या ऐवजाचे वजन. आणि दुसऱ्या शाखेत, ती भांडी ठेवण्यासाठी लागणारी जागा. 'दोन पेले पाणी प्यालो' असे आपण म्हणतो तेव्हा पेला पीत नाही, पेल्यातील पाणी पितो. आपल्या परंपरेत आधार-आधेय संबंधावरील लक्षणा म्हणून जिचे विवेचन होते, तीच प्रक्रिया येथे घडली आहे. फरक इतकाच की येथे लक्षणेचे रूपांतर कायद्याच्या परिभाषेत झाले.

मराठीलाही हा अनुभव अपरिचित नाही. 'खंडी' हे वजनाचेही परिमाण होते आणि धान्य मोजण्याच्या मापाचेही. 'शेर' मापाचा वेगळा आणि वजनाचा वेगळा. शेरभर तांदूळ आणि शेरभर पोहे यांचे माप सारखे असले, तरी ते तराजूत सारखे भरत नाहीत, हे घरातल्या बाईला कोणी शिकवावे लागत नसे. प्रवासी जहाज आणि तेलवाहू जहाज यांच्या टनेजमधील गूढ एवढेच आहे. आणखी एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. मराठीतील 'पिंप' हा शब्द पोर्तुगीज 'पिपा'वरून आला. त्याच कुळातील 'पाइप' हे इंग्लंडमध्ये मद्याचे एक माप होते आणि ते अर्ध्या टनाइतके होते.

३. जहाज मोजण्याच्या तीन दृष्टी

जहाज किती मोठे, हा प्रश्न मोघम आहे. लांबी, रुंदी आणि उंची ही तर उघड मापे आहेतच. त्यांखेरीज पुढील तीन संकल्पना वेगवेगळ्या ठेवणे आवश्यक आहे.

*(अ) विस्थापन* : तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हे आर्किमिडीजचे तत्त्व आपण शाळेत शिकलो आहोत. जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन म्हणजे त्याचे विस्थापन, आणि तेच जहाजाचे खरे वजन. समजा, पेटीच्या आकाराचा एक तराफा ५० मीटर लांब आणि १० मीटर रुंद आहे व तो २ मीटर पाण्यात बुडाला आहे. त्याने १,००० घनमीटर पाणी बाजूला सारले. समुद्राचे एक घनमीटर पाणी साधारणतः १.०२५ टन भरते. म्हणून तराफ्याचे वजन सुमारे १,०२५ टन. युद्धनौकांचा आकार विस्थापनानेच सांगण्याचा प्रघात आहे. भारतीय नौदलाची 'विक्रांत' ही २६२ मीटर लांबीची विमानवाहू नौका सुमारे ४५,००० टनांची आहे, असे म्हणतात तेव्हा तेथे खरोखरच वजन अभिप्रेत असते.

*(आ) भारवहनक्षमता* : पूर्ण भरलेल्या जहाजाच्या विस्थापनातून रिकाम्या जहाजाचे वजन वजा केले की जी बाकी उरते, तिला 'डेडवेट' म्हणतात. माल, इंधन, पाणी, अन्नसामग्री, माणसे हे सारे तीत येते. हेही वजनच आहे. तेल, कोळसा, धान्य वाहणाऱ्या जहाजांच्या व्यवहारात या आकड्याला महत्त्व असते.

*(इ) टनेज* : जहाजातील बंदिस्त जागेवरून काढलेला आकडा. प्रवासी जहाजांचा आकार सर्वसाधारणपणे याच आकड्याने सांगितला जातो. प्रवासी जहाज जो 'माल' वाहते तो वजनदार नसतो, त्याला जागा लागते. खोल्या, भोजनगृहे, नाट्यगृहे, जिने, सज्जे यांची किंमत जागेवर ठरते, वजनावर नव्हे.

४. माप बदलते, तसे जहाज बदलते

कर ज्या मापावर आकारला जातो, ते माप शक्य तितके लहान दाखवण्याकडे मालकाचा कल असणारच. जहाजमापनाच्या इतिहासात याचे ठळक पुरावे मिळतात.

ब्रिटनमध्ये १७७३ च्या कायद्याने टनेज काढण्याचे एक सूत्र सर्वत्र लागू झाले. त्यात जहाजाची लांबी आणि रुंदी मोजत. खोली मात्र मोजत नसत. खोली ही रुंदीच्या निम्मी आहे, असे गृहीत धरले जाई. परिणाम काय झाला असेल, याची कल्पना आपण करू शकता. रुंदी वाढवली की कर वाढे. खोली वाढवली तर माल अधिक मावे आणि कर तेवढाच राही. त्यामुळे अरुंद आणि खोल जहाजे बांधणे किफायतशीर ठरले. अशी जहाजे समुद्रावर डौलाने चालत नसत आणि त्यांचे स्थैर्यही कमी असे. कायद्यातील एका गृहीतकाची किंमत खलाशांना मोजावी लागली.

१८५४ मध्ये जॉर्ज मूरसम यांची पद्धत ब्रिटिश कायद्यात स्वीकारली गेली. तिच्यात जहाजाचे अंतर्गत घनफळ प्रत्यक्ष मोजून काढायचे होते. परंतु नव्या मापाने जुने आकडे एकदम पालटले असते, तर सारेच व्यवहार कोलमडले असते. म्हणून ब्रिटिश व्यापारी जहाजांचे एकूण घनफळ आणि त्यांचे नोंदलेले एकूण टनेज यांचा मेळ घालून पाहण्यात आला. एका टनाला सुमारे ९८ घनफूट असे उत्तर आले. सोयीसाठी १०० हा आकडा ठरला. १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर, बरोबर एक 'रजिस्टर टन'. येथे टनाचा वजनाशी उरलेला संबंधही संपला.

याही पद्धतीत पळवाट निघाली. 'उघडी' जागा मोजायची नाही, असा नियम होता. मग डेकवर किंवा आडभिंतीत ठरावीक प्रकारचे तोंड ठेवायचे, त्यावर जलाभेद्य नसलेले झाकण बसवायचे आणि त्याखालील संपूर्ण भाग 'उघडा' असल्याचे दाखवायचे, अशी रीत पडली. 'उघडा' या एका विशेषणाची व्याख्या ढिली राहिली आणि समुद्राचे पाणी जेथून आत येऊ शकेल अशी तोंडे जहाजावर मुद्दाम ठेवली गेली. व्याख्या रेखीव का असावी, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

५. १९६९ चा आंतरराष्ट्रीय करार

देशोदेशींच्या पद्धती निरनिराळ्या असल्याने एकाच जहाजाचे टनेज वेगवेगळे निघे. हा गोंधळ संपवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेच्या विद्यमाने २३ जून १९६९ रोजी जहाजांच्या टनेज-मापनाचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. तो १८ जुलै १९८२ पासून अमलात आला. जुन्या जहाजांना बारा वर्षांची सवलत मिळाली आणि १८ जुलै १९९४ पासून तीही संपली. २४ मीटर वा त्याहून अधिक लांबीच्या, आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या जहाजांना हा करार लागू होतो. युद्धनौका त्यातून वगळल्या आहेत.

करारातील ग्रॉस टनेजचे सूत्र शब्दांत असे सांगता येईल :

ग्रॉस टनेज = घनफळ × (०.२ + ०.०२ × घनफळाचा दहा-पायाचा लॉगॅरिदम)

येथे घनफळ म्हणजे जहाजातील सर्व बंदिस्त जागांचे घनमीटरमधील एकूण घनफळ. लॉगॅरिदम या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. १ वर जितकी शून्ये, तितका त्या संख्येचा लॉगॅरिदम, एवढे येथे पुरे. १,००० चा ३, एक लाखाचा ५, दहा लाखांचा ६. आता गणित करून पाहू.

- घनफळ १,००० घनमीटर : गुणक ०.२६, ग्रॉस टनेज २६०
- घनफळ १,००,००० घनमीटर : गुणक ०.३०, ग्रॉस टनेज ३०,०००
- घनफळ १०,००,००० घनमीटर : गुणक ०.३२, ग्रॉस टनेज ३,२०,०००

घनफळ दहापट झाले की टनेज दहापटीपेक्षा थोडे अधिक वाढते. म्हणजे ग्रॉस टनेज हे घनफळाचे निश्चित एकक नाही. जुन्या रजिस्टर टनांच्या आकड्यांशी नवे आकडे शक्य तितके जुळावेत, म्हणून असा बदलता गुणक ठेवला गेला. या सूत्राने उलट हिशेब केल्यास 'आयकॉन ऑफ द सीज'ची बंदिस्त जागा सुमारे ७ लाख ८२ हजार घनमीटर भरते.

भाषेच्या दृष्टीने यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. ग्रॉस टनेज ही केवळ संख्या आहे. तिच्यापुढे 'टन' लावायचा नसतो. नावात 'टनेज' आहे, पण एकक नाही. पिंपाचे वजन गेले, १०० घनफूट गेले. शब्द तेवढा राहिला.

ग्रॉस टनेजबरोबरच 'नेट टनेज' असते. प्रत्यक्ष कमाई करून देणाऱ्या जागेचा अंदाज देणारा हा आकडा आहे. त्याच्या सूत्रात मालासाठीच्या जागेचे घनफळ, जहाजाची खोली आणि प्रवाशांची संख्या विचारात घेतात. आठपर्यंत शय्या असलेल्या खोल्यांतील प्रवासी पूर्ण मोजले जातात, इतर प्रवासी एकदशांश. एकूण प्रवासी १३ पेक्षा कमी असतील तर ते मोजतच नाहीत. नेट टनेज हे ग्रॉस टनेजच्या ३० टक्क्यांहून कमी धरता येत नाही. पळवाटांचा जुना इतिहास पाहता ही तळमर्यादा का घातली असावी, हे सांगण्याची गरज नाही.

६. आकडे शेजारी ठेवून पाहू

१९१२ मध्ये बुडालेले 'टायटॅनिक' आणि मुंबई-गोवा सफरी करणारे 'एम्प्रेस' यांची तुलना बोधप्रद आहे. 'टायटॅनिक'ची लांबी सुमारे २६९ मीटर आणि टनेज ४६,३२८ रजिस्टर टन होते. १९९० मध्ये सेवेत आलेल्या 'एम्प्रेस'ची लांबी सुमारे २११ मीटर, तर ग्रॉस टनेज ४८,५६३. सुमारे ५८ मीटरांनी आखूड असलेल्या जहाजाचा आकडा मोठा आहे. दोन्ही मापनपद्धती भिन्न असल्याने ही तुलना काटेकोर नव्हे. तरीही तिचे मुख्य कारण खरे आहे. आधुनिक प्रवासी जहाजाच्या सांगाड्यावर पूर्ण रुंदीचे मजल्यावर मजले चढवलेले असतात. ते जहाज कमी आणि तरंगती इमारत अधिक, असे असते.

'टायटॅनिक'चे विस्थापन सुमारे ५२,३१० टन होते. येथे वजनाचा आणि जागेचा आकडा योगायोगाने जवळजवळ आले. असा योगायोगच दोन्ही अर्थांची गल्लत पक्की करतो. पुढील जोडी पाहिली की गल्लत उरत नाही. 'सीवाइज जायंट' या तेलवाहू जहाजाचे ग्रॉस टनेज २,६०,९४१ होते; 'ओअ‍ॅसिस ऑफ द सीज' हे प्रवासी जहाज २००९ मध्ये आले तेव्हा त्याचे ग्रॉस टनेज २,२५,२८२ होते. आकडे जवळपासचे. परंतु पूर्ण भरलेले तेलवाहू जहाज साडेसहा लाख टनांहून अधिक वजनाचे होते, तर प्रवासी जहाजाचे विस्थापन सुमारे एक लाख टन. पहिले साडेचोवीस मीटर पाण्यात बुडे, दुसरे सुमारे सव्वानऊ मीटर. एकात तेल भरलेले, दुसऱ्यात प्रामुख्याने हवा. शेरभर तांदूळ आणि शेरभर पोहे यांतील फरक तो हाच.

७. एक आकडा पुरेसा नसतो

ग्रॉस टनेजवर बंदरशुल्क, सुरक्षेचे नियम, खलाशांची किमान संख्या अशा अनेक गोष्टी अवलंबून असतात. पनामा आणि सुएझ या कालव्यांनी मात्र आपापली स्वतंत्र मापनपद्धती ठेवली आहे. शिवाय पुलाला टनेज कळत नाही. त्याला उंची कळते. 'ओअ‍ॅसिस' फिनलंडमधील गोदीतून बाहेर पडले तेव्हा डेन्मार्कमधील ६५ मीटर उंचीच्या ग्रेट बेल्ट पुलाखालून जाण्यासाठी त्याची धुराडी खाली घ्यावी लागली. कालव्याच्या दारांना लांबी-रुंदी कळते, बंदराच्या तळाला बुडीत खोली कळते.

प्रवाशाला मिळणारी मोकळीक कळण्यासाठी ग्रॉस टनेजला प्रवाशांच्या संख्येने भागतात. एका खोलीत दोन जण या हिशेबाने 'आयकॉन'वर ५,६१० प्रवासी धरले, तर भागाकार सुमारे ४४ येतो. त्याहून बऱ्याच लहान असलेल्या 'क्वीन मेरी २' चे ग्रॉस टनेज १,४९,२१५ आणि प्रवासी २,६९५. तेथे भागाकार सुमारे ५५. जहाज मोठे म्हणून जागा ऐसपैस, असे नसते. 'आयकॉन' ७,६०० प्रवाशांनी पूर्ण भरले, तर हाच भागाकार ३३ च्या आसपास उतरतो.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक गंभीर आहे. इटलीने १ ऑगस्ट २०२१ पासून व्हेनिस शहरातील सान मार्को आणि ज्युदेक्का या जलमार्गांवर मोठ्या जहाजांना बंदी केली. 'मोठे' म्हणजे काय, हे तेथे विशेषणावर सोडले नाही. ग्रॉस टनेज २५,००० पेक्षा अधिक, लांबी १८० मीटरपेक्षा अधिक, पाण्यावरील उंची ३५ मीटरपेक्षा अधिक, आणि इंधनातील गंधकाविषयीचा एक निकष. यांपैकी एकही लागू पडला तरी बंदी. एकाच मापावर विसंबले की पळवाट निघते, हा अडीच शतकांचा धडा त्या नियमात उतरलेला दिसतो.

८. मराठी लेखकासाठी काही सूचना

आपल्यापैकी अनेक जण पुढे पत्रकारिता, अनुवाद किंवा अध्यापन करतील. तेव्हा पुढील पथ्ये पाळावीत.

एक, 'टन' दिसताच 'वजनाचे' हा शब्द जोडू नये. मूळ मजकुरात विस्थापन, डेडवेट की टनेज अभिप्रेत आहे, ते आधी पाहावे. दोन, '२,४८,६६३ टनांचे जहाज' असे न लिहिता '२,४८,६६३ ग्रॉस टनेजचे जहाज' असे लिहावे. तीन, प्रवासी जहाजाचे टनेज आणि युद्धनौकेचे विस्थापन यांची थेट तुलना करू नये. 'विक्रांत'पेक्षा 'आयकॉन' साडेपाच पट मोठे, हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि अर्थदृष्ट्या निरर्थक आहे. चार, 'टनेज'साठी 'टनभार' असा प्रतिशब्द योजण्याचा मोह होईल. परंतु त्यातील 'भार' हा घटक नेमका चुकीचा अर्थ सुचवतो. प्रतिशब्द मराठी असावा, हे खरेच. पण तो दिशाभूल करणारा असेल, तर देवनागरीत लिहिलेला रूढ शब्द अधिक प्रामाणिक ठरतो.

सारांश

'टन' हा शब्द मद्याच्या पिंपापासून निघाला. त्याची एक शाखा वजनाकडे आणि दुसरी जागेकडे गेली. विस्थापन व डेडवेट पहिल्या शाखेतील, टनेज दुसऱ्या शाखेतील. १७७३, १८५४ आणि १९६९ या तीन टप्प्यांत जागेचे माप अधिकाधिक काटेकोर झाले आणि अखेरीस ते एककविरहित संख्येत रूपांतरित झाले. मापाच्या व्याख्येतील प्रत्येक ढिलेपणाचा परिणाम जहाजांच्या बांधणीवर झाला. शब्दाचा नेमका अर्थ विचारणे हे केवळ भाषेच्या अभ्यासकाचे काम नाही. परंतु ते काम प्रथम त्याने केले पाहिजे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'टन' या शब्दाच्या अर्थप्रवासातील लक्षणेचे स्वरूप स्पष्ट करा.
२. विस्थापन, डेडवेट आणि ग्रॉस टनेज यांतील भेद उदाहरणांसह लिहा.
३. एका जहाजातील बंदिस्त जागांचे घनफळ १०,००० घनमीटर आहे. त्याचे ग्रॉस टनेज काढा. (उत्तर : २,८००)
४. वजन आणि माप या दोन्ही अर्थांनी वापरले जाणारे आपल्या परिसरातील जुने शब्द ज्येष्ठांना विचारून जमवा व त्यांच्या अर्थांची नोंद करा.